सात ते साडेआठ

मुंबईत दारू सोडायला मदत कुठे मिळते, हे मला आता बरेच जण विचारतात. कधी ऑफिसातला कुणी बाजूला घेऊन विचारतो, कधी शेजारणीचा भाऊ. एकदा गावाहून एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला, मुलगा भांडुपला राहतो, त्याला कुठे पाठवू? तोंडी सांगताना काही ना काही राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. माझं नाव इथे नाही आणि ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांचीही नाहीत. दारू सोडणाऱ्यांच्या ज्या मीटिंगांमुळे मी आज कामावर जातो आणि रात्री पोरांबरोबर जेवायला बसतो, तिथे निनावी राहणं हा पाया आहे.

माझं पिणं रोजचं होतं. नोकरी मस्जिद बंदरला एका क्लिअरिंग एजंटाकडे, घर विक्रोळीला कन्नमवार नगरात. सहा-सव्वासहाला सुटायचं, स्लो लोकल पकडायची, विक्रोळीला उतरलं की स्टेशनबाहेर क्वार्टर घ्यायची. आधी एक, मग दोन. पुढे पुढे सकाळी हात इतके थरथरायचे की कागदावर सही करता येत नसे आणि ती थरथर थांबवायला सकाळचीही लागायची. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे, पण आत्ता ते बाजूला ठेवतो.

मीटिंगकडे वळण्याआधी एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. आमच्याकडे मर्दानगीने सांगतात, ‘आजपासून बंद म्हणजे बंद!’ शरीराला रोजची सवय लागलेली असते. ती अचानक तोडली की घाम, थरथर, उलट्या सुरू होतात, साधारण पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही जणांना भास होतात, माणूस वेळ-काळ विसरतो, ताप चढतो. वेळेत उपचार झाले नाहीत तर यात माणूस जातो. त्यामुळे पहिली पायरी डॉक्टरची. मुंबईत त्यासाठी पैसेवालं असायची गरज नाही. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. केस पेपर काढायचा, ओपीडीच्या रांगेत बसायचं आणि डॉक्टरांना खरं प्रमाण सांगायचं. बायको मला केईएमला घेऊन गेली. डॉक्टरांनी किती, केव्हापासून, सकाळी उठल्यावर लागते का, कधी फिट आली होती का, सगळं विचारलं. रक्त तपासलं, लिव्हर पाहिलं. काही दिवस दाखल करून गोळ्या हळूहळू कमी करत नेल्या, आणि बी-वन म्हणजे थायामिनची इंजेक्शनं दिली. बरीच वर्षं पिणाऱ्याच्या अंगात हे जीवनसत्त्व उरत नाही आणि त्याचा मार थेट मेंदूवर बसतो, चालताना तोल जातो, आठवण जाते.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी तिथल्या मेडिकल सोशल वर्कर बाई माझ्याशी बोलायला आल्या. दारू वाईट, संसार बघा, पोरं बघा, असलं काही त्या बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “दादा, ऑफिस सुटल्यावर घरी कसे जाता?” मी सांगितलं. त्यांनी केस पेपरच्या मागे एक रेघ ओढली आणि स्टेशनं लिहिली. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर... शेवटी विक्रोळीला गोल केला. “दुकान इथे आहे ना? मग या गोलाच्या आधी कुठेतरी उतरायचं काम काढा. गोळ्या शरीराचं बघतील. सात ते नऊ या वेळात तुम्ही कुठे असणार, ते आधी ठरवा.” त्याच कागदावर त्यांनी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए या दारू सोडलेल्यांच्या आणि सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगची यादी कुठे मिळेल ते लिहून दिलं. त्या बाईंनी मला जे सांगितलं, तेच मी आता सगळ्यांना सांगतो. मुंबईत मीटिंग निवडायची ती रेल्वेच्या नकाशावर आणि आपल्या पिण्याच्या वेळेवर.

त्याआधी आमच्या घरी लोकलच्या डब्यातले स्टिकर वाचून झाले होते. ‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’ असं लिहिलेले, खाली मोबाइल नंबर. माझ्या मेव्हण्याने तशी एक पावडर मागवायचं नक्की केलं होतं. बायकोने नाही म्हटलं, आणि बरं केलं. त्या पुडीत काय असतं हे सांगायला कुणी बांधील नसतो. डॉक्टर देतात त्या डायसल्फिरामच्या गोळीवर दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, धडधड वाढते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. असली गोळी माणसाला कळवून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायची असते. भाजीत कालवून द्यायची ती वस्तू नाही.

तर यादी. एएचं भारतातलं मुख्य कार्यालय मुंबईतच आहे आणि त्यांच्या वेबसाइटवर मीटिंगा शोधता येतात. हेल्पलाइनला फोन केला तर पलीकडून बोलणारा माणूस स्वतः दारू सोडलेलाच असतो, ही मला पहिल्यांदा मोठी गोष्ट वाटली. यादीत ठिकाण, वार, वेळ, भाषा आणि मीटिंग ओपन की क्लोज्ड, एवढं दिलेलं असतं. क्लोज्ड म्हणजे फक्त ज्याला दारूचा त्रास आहे त्याच्यासाठी. ओपन मीटिंगला घरचं माणूस, डॉक्टर, विद्यार्थी, कुणीही येऊन बसू शकतं. मुंबईत इंग्रजी, हिंदी, मराठी अशा वेगवेगळ्या भाषांत मीटिंगा चालतात, आणि बऱ्याचशा चर्चच्या आवारात किंवा महापालिकेच्या शाळांत भरतात. जागा भाड्याने घेतलेली असते, तेवढाच संबंध. एए कुठल्या धर्माची, पक्षाची किंवा सरकारी संस्था नाही.

मी पहिल्यांदा गेलो ते भायखळ्याच्या बाजूला एका चर्चच्या हॉलमध्ये. मीटिंग इंग्रजीत होती. माणसं अतिशय प्रेमळ, एकाने उठून खुर्ची दिली, दुसऱ्याने चहा. इंग्रजी मला कळतं, रोजचं काम त्यातच चालतं. पण मनातलं बोलायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून फक्त नाव बाहेर पडलं. बायकोच्या मंगळसूत्राचं सांगायचं होतं, वडिलांच्या तेराव्याला मी कुठल्या अवस्थेत होतो ते सांगायचं होतं. ते इंग्रजीत सांगायला मला जमेना.

मग घराजवळची बघितली. चालत जाता येईल इतकी जवळ, मराठी-हिंदी मिश्र, माणसं ओळखीच्या वळणाची. पण ती सुरू व्हायची आठ वाजता, आणि मी विक्रोळीला उतरायचो सातच्या आसपास. मधला तास त्या दुकानासमोरून चालत काढायचा. शिवाय हॉलबाहेर उभं राहिलं की बिल्डिंगमधलं कुणी ना कुणी जायचंच. ज्याला ही लाज वाटत नाही त्याच्यासाठी घराजवळची मीटिंग उत्तम. मला सुरुवातीला ती झेपली नाही.

परळची मीटिंग सातला होती. महापालिकेची शाळा, मराठीतून. गेटवर एएचा मोठा बोर्ड असेल अशी माझी समजूत होती, त्यामुळे मी दोनदा पुढे चालत गेलो. शेवटी वॉचमनपाशी घुटमळलो तेव्हा त्यानेच विचारलं, “मीटिंगला? दुसरा माळा, टाकीच्या बाजूची खोली.” त्याने आवाज चढवला नाही की चेहराही बघितला नाही. त्याची ती सवय मला फार मोलाची वाटते.

खोली तिसरीच्या वर्गाची. लहान मुलांची बाकं, त्यात गुडघे मावत नाहीत म्हणून सगळे तिरके बसलेले. भिंतीवर बाराखडीचा तक्ता, फळ्यावर त्या दिवशीचा सुविचार आणि पटसंख्या तशीच. एका काकांनी कापडी पिशवीतून दोन गुंडाळ्या काढल्या. एकीवर बारा पायऱ्या, म्हणजे दारू सोडून जगायचा एएचा क्रम, दुसरीवर बारा परंपरा, म्हणजे ग्रुप कसा चालवायचा याचे संकेत. नकाशे टांगायच्या खिळ्यांवर त्या लावल्या. त्याच पिशवीतून पुस्तकं, वर्गणीची वही, चहाचे ग्लास आणि एक घड्याळ निघालं. दीड तासाने हे सगळं परत पिशवीत गेलं, फळा होता तसा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी तिसरीच्या पोरांना इथे रात्री कोण बसलं होतं याचा पत्ताही लागणार नव्हता. अख्खा ग्रुप त्या एका पिशवीत मावत होता.

मीटिंगची पद्धत साधी असते. एक जण चेअर करतो, म्हणजे त्या दिवसापुरतं संचालन. सुरुवातीला थोडा वेळ शांत बसायचं, मग एए म्हणजे काय ते वाचून दाखवतात. त्यातलं एक वाक्य मी त्या दिवशी घट्ट धरून ठेवलं, की सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा एवढीच अट आहे. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कुणी विचारत नाही. मग एकेक जण बोलतो, त्याला शेअरिंग म्हणतात. बोलणाऱ्याला कुणी मध्ये तोडत नाही, संपल्यावर सल्ला देत नाही, ‘तू असं करायला हवं होतंस’ असं म्हणत नाही. बोलायचं नसेल तर नाव सांगून ‘आज ऐकतो’ म्हणायचं. शेवटी सगळे उभे राहून प्रार्थना म्हणतात. जे बदलता येत नाही ते स्वीकारायची शांती, जे बदलता येतं ते बदलायचं धैर्य आणि या दोन्हीतला फरक ओळखायची समज मागणारी ती प्रार्थना. मधे एक डबा फिरतो. बाकीच्यांनी दहा-वीस टाकले, माझ्यापाशी आल्यावर शेजारच्याने तो हळूच पुढे सरकवला, “नवीन माणसाने नाही टाकायचे.” जागेचं भाडं, चहा, पुस्तकं, सगळं त्या डब्यातून निघतं. बाहेरच्या कुणाची देणगी एए घेत नाही, ही त्यांची सातवी परंपरा आहे. कुणाचं मिंधं राहायचं नाही, हे मला फार आवडलं.

त्या दिवशी एक गृहस्थ बोलले. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी बरीच वर्षं वॉचमनची नोकरी केली होती. ते म्हणाले, “मला दारू प्यायची इच्छा होत नव्हती. पाय वळायचे. डोकं घरी चाललंय आणि पाय गुत्त्याकडे. मग मी पायांना सांगितलं, तुम्हाला वळायचंच आहे ना, मग इकडे वळा.” एवढंच बोलून ते खाली बसले. मी इतकी वर्षं स्वतःला विचारत होतो, की माझी इच्छाशक्ती कुठे गेली. त्या माणसाने इच्छाशक्तीचं नावही घेतलं नाही. त्याने फक्त कुठल्या वेळी कुठल्या स्टेशनवर उतरायचं, हे बदललं होतं. सोशल वर्कर बाई जे रेघ ओढून सांगत होत्या, तेच हा माणूस स्वतःच्या आयुष्यातून सांगत होता.

स्टेशनकडे परत चालताना पिशवीवाले काका बरोबर होते. त्यांनी मला एएची सुरुवात सांगितली. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात बिल नावाचा एक शेअर दलाल कामासाठी आला होता. काही महिन्यांपूर्वी त्याची दारू सुटलेली, सौदा फिसकटलेला, हॉटेलच्या लॉबीत एकटा, आणि समोर बार. त्याच्या लक्षात आलं, की या क्षणी आपल्याला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायची गरज आहे. फोन करत करत तो डॉ. बॉब नावाच्या सर्जनपर्यंत पोचला. डॉ. बॉबने शेवटचं प्यायलं तो १० जून १९३५ हा दिवस एएचा स्थापना दिवस धरतात. भारतात एए १९५७ पासून आहे. काका म्हणाले, “बिल डॉक्टरला सुधरवायला गेला नव्हता. स्वतः टिकायला गेला होता. मी पण तुझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालतोय तो माझ्यासाठीच चालतोय, उपकार मानू नकोस.” आणि त्यांनी पाच-सहा जणांचे नंबर लिहिलेला कागद दिला. पहिला पेग उचलायच्या आधी फोन करायचा, उचलल्यावर नाही, एवढी एकच सूचना.

सुरुवातीच्या महिन्यांत मी जवळजवळ रोज कुठली ना कुठली मीटिंग गाठली. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा, असं जुने लोक नव्याला सांगतात. लिखित नियम नाही, पण त्यामागे अनुभव आहे. परळची मीटिंग रोज नसायची. ज्या दिवशी नसे त्या दिवशी दादर, कधी सायन, कधी पुन्हा तो भायखळ्याचा चर्चचा हॉल. तिथे इंग्रजीत ऐकायला मला काहीच अडचण नव्हती. फक्त मन मोकळं करायला परळ लागायचं. असं एक ठरलेलं ठिकाण प्रत्येकाचं होतं, त्याला होम ग्रुप म्हणतात. बाकी मीटिंगा त्याच्या भोवती.

रोज छान वाटतं असं अजिबात नाही. कधी कधी तोच माणूस तीच गोष्ट सांगतो. पावसाळ्यात गाड्या बंद पडल्यावर खोलीत तिघेच असतात. शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली की गेट लवकर बंद होतं, निवडणुकीत शाळा मतदान केंद्र होते आणि मीटिंग दुसरीकडे हलवावी लागते, तिचा पत्ता फोनाफोनी करून घ्यावा लागतो. मला कंटाळा आला की मी काकांना सांगायचो. ते म्हणायचे, “मजा येते म्हणून प्यायचास का शेवटी शेवटी? नाही ना? तरी रोज जायचास. तसंच ये.”

देवाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण तिथे बरेच जण अडतात. बारा पायऱ्यांमध्ये परमेश्वराचा उल्लेख आहे, पण ‘आम्हाला उमगलेला परमेश्वर’ असा. आमच्या खोलीत माळकरी आहेत, नवबौद्ध आहेत, एक मुसलमान टेलर आहे, आणि आयुष्यभर लाल बावट्यात काढलेले एक कॉम्रेड आहेत. कॉम्रेड स्पष्ट सांगतात, की माझ्याहून मोठी शक्ती म्हणजे ही खोली, मी एकटा होतो तेव्हा मला जमलं नाही, इथे जमलं. त्यांच्या सोब्रायटीला, म्हणजे दारूशिवाय राहण्याला, वीसच्या वर वर्षं झाली आहेत, आणि प्रार्थनेला तेही सगळ्यांबरोबर उभे राहतात. कुणी कुणाला आपल्या देवाकडे ओढत नाही. ओढणारा भेटलाच तर तो त्या माणसाचा स्वभाव, एएचा नियम नव्हे.

तसाच औषधांचा मुद्दा. एका ठिकाणी मला एका जुन्या सभासदाने सांगितलं, “गोळ्या पण नशाच, त्या सोड, मग तू खरा सोबर.” मी घाबरलो, आणि डॉक्टरांना विचारलं. त्यांनी ठाम सांगितलं, की गोळ्या बंद करायचा निर्णय त्यांचा आणि माझा, तिसऱ्या कुणाचा नाही. एएचं स्वतःचं साहित्यही हेच सांगतं, की सभासदाने डॉक्टर व्हायचं नाही. नैराश्य असेल, फिटची गोळी असेल, तर ती मीटिंगमधल्या कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. असं सांगणारा भेटला तर ती खोली बदला, मीटिंगा सोडू नका. मुंबईत दुसरी खोली एका स्टेशनच्या अंतरावर असते. याच डॉक्टरांनी मला पुढे सांगितलं, की २०२० साली वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास एकत्र करून पाहिले, दहा हजारांहून जास्त माणसांचे. बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि त्या धर्तीचा उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीस तोड, काही ठिकाणी सरस ठरला. ज्यांना हे सगळं भजन-कीर्तनासारखं वाटतं, त्यांना मी हे सांगतो.

आमच्यातला एक जण बऱ्याच वर्षांनी घसरला. बहिणीच्या घरचं लग्न, कुणीतरी ग्लास हातात दिला, आणि तीन महिने तो दिसला नाही. काका त्याला दर गुरुवारी एक फोन करायचे, तो उचलायचा नाही. परत आला तेव्हा खोलीच्या दारात उभा, चप्पल काढू की नको अशा अवस्थेत. चेअरवर बसलेल्या बाईंनी वाचन थांबवलं नाही. शेवटच्या बाकावरच्या दोघांनी सरकून जागा केली. त्याची पाळी आल्यावर तो म्हणाला, “आज माझा पहिला दिवस.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अगदी दारू सोडून वर्ष झाल्याच्या केकला वाजवतात तशाच. ‘तरी मी सांगत होतो’ असं म्हणणारं कुणी नव्हतं. घरी हे वाक्य आम्ही सगळ्यांनी खूप ऐकलेलं असतं, आणि घरच्यांचंही त्यात चूक नसतं. पण ते जिथे ऐकावं लागत नाही अशी एक तरी जागा माणसाला लागते.

घरच्यांसाठी वेगळी संघटना आहे, अल-अ‍ॅनॉन. १९५१ साली बिलच्या बायकोने, लोइसने, आणखी काही जणींबरोबर तिची सुरुवात केली. माझी बायको आधी तयार नव्हती. “प्यायलात तुम्ही आणि मीटिंगला मी का जाऊ?” तिचं म्हणणं बरोबरच होतं. पुढे एका ओपन मीटिंगला ती माझ्याबरोबर आली, तिथे तिला दुसऱ्या एकाची बायको भेटली, आणि त्या दोघी आपापसात ठरवून जायला लागल्या. तिथे काय बोलतात हे ती मला सांगत नाही, मीही विचारत नाही. एकदा मी म्हटलं, की माझ्यासाठी तू एवढी धावपळ करतेस. ती म्हणाली, “अहो, मी तुमच्यासाठी नाही जात. मी माझ्यासाठी जाते. तुम्ही उद्या प्यायलात तरी मी जाणार.” त्या वाक्याने मला आधी धक्का बसला, मग फार हलकं वाटलं. रात्री माझ्या तोंडाचा वास घ्यायचं तिने त्यानंतर सोडून दिलं.

वर्षातले काही दिवस जड जातात. थर्टी फर्स्ट, ऑफिसची पिकनिक, गणपतीतलं जागरण, आणि सगळ्यात जड गटारी. आषाढी अमावस्येच्या आधीचा रविवार आला की वाइन शॉपसमोर रांगा लागतात, ट्रेनच्या डब्यात बेत शिजतात, व्हॉट्सअ‍ॅपवर तेच. श्रावण पाळणारा माणूससुद्धा त्या दिवशी ‘एवढा एकच दिवस’ म्हणतो. आमच्यासाठी एकच दिवस असं काही नसतं. त्या दिवशी आम्ही मीटिंग लांबवतो, आधी मटण-भाकरी, मग शेअरिंग, घरची माणसंही येतात. पहिल्या वर्षी मला हे जेवण म्हणजे मन रिझवायची युक्ती वाटली होती. जेवताना कळलं, की गटारीतलं मटण मी कित्येक वर्षांत चव घेऊन खाल्लंच नव्हतं.

पुढे काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पिशवी माझ्याकडे आली. पावणेसातला खोली उघडायची, बाकं सरकवायची, फलक लावायचे, चहा सांगायचा. याला सेवा म्हणतात. आता माझ्या मनात असो वा नसो, ऑफिसातून मला सहाला निघावंच लागतं. मी पोचलो नाही तर बारा पायऱ्या भिंतीवर चढत नाहीत आणि नवीन आलेला माणूस बंद दारासमोरून परत जातो. इतक्या साध्या कामाने माझी संध्याकाळ जितकी पक्की बांधली गेली, तितकी कुठल्याच निश्चयाने बांधली नव्हती.

मीटिंग पुरेशी पडत नाही अशीही माणसं असतात. काहींना निवासी उपचार लागतात. मराठी माणसाला पुण्याचं मुक्तांगण ठाऊक असतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने १९८६ साली ते सुरू केलं. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केलं, तिथे बारा पायऱ्यांच्या जोडीला योगासनं शिकवतात. निवासी केंद्रातून बाहेर पडल्यावरही संध्याकाळचा प्रश्न उरतोच, म्हणून तिथून आलेले बरेच जण आमच्या बाकांवर येऊन बसतात. रात्री-बेरात्री काहीच सुचत नसेल तर सरकारी टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. २०२० नंतर ऑनलाइन मीटिंगाही रुळल्या. अंथरुणाला खिळलेल्यांना, शिफ्टवाल्यांना, आणि ज्या बायकांना घराबाहेर पडून ‘मी पिते’ असं सांगणं फार कठीण जातं त्यांना, त्यांचा आधार होतो. बायकांना मी एवढंच सांगेन, की आमच्या खोलीत चेअर करणाऱ्या बाई आहेत, आणि हेल्पलाइनवर तुमच्याशी बोलायला बाईच जोडून देतात का, हे पहिल्याच फोनवर बिनदिक्कत विचारा.

तर यादी उघडल्यावर आधी आपली लाइन धरा, हार्बर, सेंट्रल की वेस्टर्न. मग आपली प्यायची वेळ बघा आणि त्या वेळेच्या आधी, त्या दुकानाच्या अलीकडे पडेल अशी मीटिंग शोधा. भाषा आपली असेल तर उत्तम, नसेल तरी जाऊन ऐका. निघण्याआधी फोन करा, जागा बदललेली असू शकते. निदान तीन-चार वेगळ्या खोल्या पाहिल्याशिवाय ‘हे आपल्यासाठी नाही’ असं ठरवू नका. आदल्या रात्री प्यायला असाल तरी या, फक्त हात फार थरथरत असतील, भास होत असतील किंवा फिट आली असेल तर मीटिंगच्या आधी दवाखाना. आणि पहिल्या दिवशी दहा मिनिटं लवकर पोचा. कुणीतरी बाकं लावत असेल. त्याला ‘मी नवीन आहे’ एवढं सांगा, पुढचं तो बघेल.